जटिल प्रणाली आणि घोडेगावचा मोफत विद्यार्थी

मोफत मिळणाऱ्या विद्यापीठीय अभ्यासक्रमात नाव नोंदवायला लागणारा वेळ आणि तो अभ्यासक्रम पुरा करायला लागणारा वेळ यांत जे प्रचंड अंतर असते, ते भरून काढण्याचा मनुष्यप्राण्याला आजवर एकच उपाय सापडला आहे, आणि तो म्हणजे आणखी एका अभ्यासक्रमात नाव नोंदवणे. ही प्रवृत्ती सार्वत्रिक असली, तरी तिचे निरीक्षण करण्यासाठी अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील घोडेगावाइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. कारण येथे कांद्याची मोठी बाजारपेठ आहे, जनावरांचा नावाजलेला आठवडे बाजार आहे, नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा महामार्ग आहे, आणि या तिहींच्या मधोमध, हातात मोबाइल धरून, परिसंस्थांचा जटिल प्रणाली म्हणून अभ्यास करणारा विद्यार्थी आहे. हा विद्यार्थी म्हणजे कोणी एक व्यक्ती नसून तो एक प्रकार आहे. कृषी पदविका घेऊन घरी बसलेल्या विशीतल्या मुलापासून निवृत्तिवेतन आणि मोतीबिंदू एकाच वर्षी लाभलेल्या मुख्याध्यापकापर्यंत कोणीही त्यात मोडतो, आणि प्रस्तुत लेखकालाही त्यातून वगळण्याचे कारण नाही. नोंदणी केलेल्यांच्या यादीत लेखकाचे नाव आहे. उत्तीर्णांच्या यादीत ते शोधण्याचे कष्ट वाचकांनी घेऊ नयेत.

या प्रकाराची पैदास का वाढली, हे समजण्यासाठी चाऱ्याचा पुरवठा पाहावा लागतो. अमेरिकेतील मसाचुसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने आपले अभ्याससाहित्य जगाला फुकट देण्याची घोषणा २००१ साली केली. भारतात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून एनपीटीईएल हा उपक्रम २००३ मध्ये सुरू केला. आणि केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी खुले झाले. जटिल प्रणालींचे माहेरघर मानली जाणारी सांता फे इन्स्टिट्यूट ही संस्था १९८४ साली अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात स्थापन झाली, आणि तिच्या वतीने मेलानी मिचेल यांनी शिकवलेला जटिलतेची ओळख करून देणारा अभ्यासक्रम कोणालाही, कोठूनही, विनामूल्य पाहता येतो. म्हणजे घोडेगावच्या विद्यार्थ्याला अडवणारे दार जगात कोठेही उरलेले नाही. दार नसण्याची परंपरा या परिसराला नवी नाही, कारण हाकेच्या अंतरावरील शनिशिंगणापुरात घरांना दारे नसतात आणि तरीही तेथून कोणी काही नेत नाही अशी ख्याती आहे; बिनदाराच्या या विद्यापीठांचा अनुभवही नेमका तोच असून, लोक बिनदिक्कत आत येतात आणि काहीही न नेता परत जातात.

हे विधान विनोदासाठी केलेले नाही. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या मोफत अभ्यासक्रमांच्या नोंदी तपासणारा एक लेख २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्यानुसार नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी पाठ्यसाहित्य एकदाही उघडले नव्हते, आणि २०१७-१८ या वर्षात अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. कांद्याच्या चाळीत एवढी घट लागली असती, तर घोडेगावात एकाही माणसाने चाळ उभी केली नसती. पण ज्ञानाच्या चाळीला घट धरण्याची रीत नाही.

जटिल प्रणाली म्हणजे काय, हे पहिल्याच आठवड्यात सांगितले जाते आणि सुदैवाने, पाठ्यसाहित्य उघडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पहिला आठवडा पाहिलेला असतो. ज्या समूहातील घटक एकमेकांचे पाहून आपले वागणे बदलत राहतात आणि म्हणून ज्याचे एकूण वर्तन सुट्या घटकांकडे पाहून सांगता येत नाही, तो समूह म्हणजे जटिल प्रणाली. ट्रॅक्टरचे इंजिन कितीही किचकट असले तरी ते या अर्थाने जटिल नव्हे, कारण त्यातला पिस्टन शेजारच्या पिस्टनचे पाहून आपला विचार बदलत नाही. जंगल, तळे, कुरण या मात्र जटिल प्रणाली होत, आणि सुट्या घटकांत नसलेला एखादा गुण सगळे मिळून प्रकट होणे, ज्याला उदय असे म्हणतात, हे त्यांचे लक्षण होय. या उदयाचे उदाहरण म्हणून परदेशी प्राध्यापक मुंग्यांची रांग दाखवतात. घोडेगावच्या विद्यार्थ्याला त्यासाठी मुंगीची गरज पडत नाही, कारण जनावरांच्या बाजाराच्या दिवशी वाहतुकीचा मुरंबा करण्यासाठी घरून निघालेला एकही माणूस रस्त्यावर नसतो. एक जण गाय विकायला आलेला असतो, दुसरा कालवड घ्यायला, तिसरा नुसता पाहायला, चौथा पिकअपमध्ये चारा भरून, आणि यांपैकी कोणाच्याही मनात नसलेला मुरंबा रस्त्यावर आपोआप तयार होतो. विद्यार्थी पिकअपच्या मागे अडकून हाच धडा मोबाइलवर पाहत असतो, आणि पुढची गाडी हलल्याचे त्याला मागच्याच्या हॉर्नवरून कळते.

नोंदणीचा अर्ज हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. अर्जात गाव टाइप केले की यादीतून पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील घोडेगाव वर येते, आणि ते घाईत निवडले गेले की विद्यार्थी भीमाशंकरच्या डोंगराकडे स्थलांतरित होतो. जिल्ह्याच्या रकान्यात जुने नाव लिहावे तर नवे मागितले जाते आणि नवे लिहावे तर आधारकार्डाशी जुळत नाही. या सर्वांतून पार पडलेल्या माणसाला आपण काहीतरी मिळवले असे वाटले, तर त्यात त्याचा दोष नाही. गावाचाही नाही. त्यामुळे ज्या अभ्यासक्रमात नाव नोंदवणाऱ्या प्रत्येकाला प्रवेश मिळतो, त्यात ‘नंबर लागल्याबद्दल’ हार्दिक अभिनंदन करणारा फ्लेक्स चौकात झळकतो, त्यावर विद्यार्थ्याचा गॉगल लावलेला फोटो मध्यभागी आणि शुभेच्छुकांचे फोटो खालच्या दोन ओळींत असतात, आणि सर्वांत मोठा फोटो अर्थातच ज्याचा अभ्यासक्रमाशी सुतराम संबंध नाही अशा नेत्याचा असतो. हा फ्लेक्स पाहून शेजारच्या आळीतील दोन मुले नाव नोंदवतात, त्यांचे फ्लेक्स पाहून आणखी चार, आणि अशा रीतीने परिणामानेच कारणाला बळ देण्याची जी साखळी तयार होते, तिला शास्त्रात धन प्रतिपोषण म्हणतात. चौकातला खांब भरला की ती थांबते, कारण कोणत्याही परिसंस्थेला वहनमर्यादा, म्हणजे किती जीव पोसता येतील याची एक कमाल सीमा, असतेच. याच्या उलट, जे वाढले की त्याला दाबणारे बलही वाढते, ते ऋण प्रतिपोषण. त्याचे शुद्ध रूप घरात सापडते.

“काय बघतोस रे मघापासून?” आई विचारते.

“लेक्चर.”

“मग बघता बघता शेंगा फोड.”

लेक्चर जितके लांबते, तितकी शेंगांची पाटी मोठी होत जाते, आणि सायंकाळपर्यंत घरात समतोल प्रस्थापित होतो.

शेंगांपासून सुटका रात्री होते, कारण शेतीपंपाला आठवड्याच्या पाळीने रात्रीची थ्री-फेज लाइट येते आणि रात्री दारे धरायला, म्हणजे एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात पाणी वळवायला, माणूस लागतोच. एका हाती फावडे आणि दुसऱ्या हाती परदेशी विद्यापीठ अशा अवस्थेत घोडेगावच्या शिवारात जेवढे उच्चशिक्षण होते, तेवढे कोणत्याही वसतिगृहात होत नसेल. वेळ वाचवण्यासाठी व्याख्यान दुप्पट वेगाने ऐकण्याची पद्धत आहे; त्या वेगात शांत स्वभावाचा प्राध्यापकही कांद्याचा लिलाव पुकारणाऱ्यासारखा बोलू लागतो, आणि विद्यार्थ्याला घरच्यासारखे वाटून तो मान डोलावतो, पण नेमका कोणता सिद्धान्त कोणाच्या नावावर सुटला हे त्याला लिलावातल्याप्रमाणेच उशिरा कळते. गृहपाठ सादर करण्याची मुदत अमेरिकेतील मध्यरात्रीपर्यंत असते, म्हणजे घोडेगावात ऐन वर्दळीच्या वेळी ती संपते.

अशाच एका रात्रीच्या पाळीत विद्यार्थ्याची गाठ व्होल्तेरा यांच्याशी पडते, आणि येथून विषयाला खरी रंगत येते. पहिल्या महायुद्धाच्या काळात एड्रियाटिक समुद्रातील मासेमारी मंदावली होती. उंबेर्तो डान्कोना या प्राणिशास्त्रज्ञाने तेथील बंदरांच्या मासळीबाजारांतील नोंदी चाळल्या, तेव्हा त्याला दिसले, की त्या वर्षांत बाजारात आलेल्या मासळीत शिकारी माशांचा वाटा वाढलेला आहे. मासेमारी कमी झाली तर सगळेच मासे सारखे वाढायला हवेत, मग खाणारेच का वाढावेत, हा प्रश्न त्याने गणितज्ञ विटो व्होल्तेरा यांच्यापुढे ठेवला, आणि हे व्होल्तेरा पुढे त्याचे सासरे झाले. भावी सासऱ्याने १९२६ साली जी समीकरणे मांडली, तीच अमेरिकेत आल्फ्रेड लोट्का यांनी १९२५ मध्ये स्वतंत्रपणे मांडली होती, म्हणून ती दोघांच्या नावाने ओळखली जातात. भक्ष्य वाढले की भक्षक वाढतो, भक्षक वाढला की भक्ष्य घटते, भक्ष्य घटले की भक्षक उपाशी मरतो आणि चक्र पुन्हा सुरू होते, असा त्यांचा सारांश आहे. मराठी वाचकाने यात दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात: पहिली, की हे सगळे शास्त्र बाजाराच्या आवक-नोंदवहीतून निघाले, आणि दुसरी, की जावयाची अडचण इतक्या तत्परतेने सोडवणारा सासरा इतिहासात एवढा एकच आढळतो.

ही समीकरणे हाताने सोडवणे कठीण असल्याने अभ्यासक्रमात ‘नेटलोगो’ नावाची विनामूल्य संगणकप्रणाली वापरतात. उरी विलेन्स्की यांनी १९९९ साली तयार केलेल्या या प्रणालीत लांडगे आणि मेंढ्या यांचे एक प्रसिद्ध प्रतिमान आहे. वास्तवातील एकेक गोष्ट वगळत गेल्यावर जे उरते आणि तरीही वास्तवासारखे वागते, ते प्रतिमान. पडद्यावर पांढऱ्या मेंढ्या आणि काळे लांडगे वाटेल तसे भटकतात, गाठ पडली की लांडगा मेंढी खातो, आणि बाजूला दोघांच्या संख्येचे आलेख वरखाली होत राहतात. विद्यार्थ्याने हे प्रतिमान लॅपटॉपवर चालू केले, तेव्हा शेजारच्या वावरात खतासाठी मेंढरे बसवायला आलेला धनगर काठीला टेकून ते पाहू लागला.

“ह्या मेंढरांमागं कुत्रं न्हाई?” त्याने विचारले.

“नाही, मामा.”

“राखण्या कोणंय?”

“राखण्याही नाही. मेंढी फिरते, लांडगा फिरतो. एवढंच.”

“मग लांडग्याचं काय चुकलं? मालकाचंच चुकलं.”

प्रतिमानशास्त्रावर याहून नेमकी टीका करणे अवघड आहे, पण टीकाकार तेवढ्यावर निघून गेला असता तर तो ऋषी ठरला असता. तो खाली बसला. पहिल्या खेपेला लांडग्यांनी एकूण एक मेंढी संपवली आणि मग तेही उपासमारीने संपले, तेव्हा त्याने लांडग्यांच्या अकलेबद्दल दोन शब्द काढले. विद्यार्थ्याने मग गवताचा पर्याय सुरू केला, ज्यात खाल्लेले गवत पुन्हा उगवायला वेळ लागतो आणि मेंढ्यांनाही भूक असते. अशा रचनेत दोन्ही जमाती बहुधा टिकून राहतात आणि आलेख लाटांसारखे चालू राहतात. लांडगे घटत घटत बोटांवर मोजण्याइतके राहिले, तेव्हा धनगराने ते वाचणार असल्याबद्दल एका चहाची पैज लावली. ते खरोखरच सावरू लागले, आणि त्याच वेळी बांधापलीकडून आरोळी आली, की मेंढरे घासात शिरली आहेत. घास हे हिरवे चाऱ्याचे पीक या भागात दुभत्या जनावरांसाठी जिवापाड जपले जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढील संवादाची धार कळेल.

“मेंढरांमागं कोण होतं?” घासाच्या मालकाने विचारले.

“मीच व्हतो. पर लांडगं कमी झालं व्हतं.”

“कुठं कमी झाले?”

“हितं. काम्पुटरात.”

अर्धा वाफा फस्त झाला होता. भांडण मिटवण्यासाठी पुरावा म्हणून लॅपटॉप मागवला गेला, आणि घासाचा मालकही लांडग्यांची संख्या पुन्हा वाढेपर्यंत तेथून हलला नाही, एवढी नोंद पुरेशी आहे.

विद्यार्थ्याचा आत्मविश्वास यामुळे वाढला आणि तो आडतीवर गेला. रॉबर्ट मे यांनी १९७६ साली ‘नेचर’मध्ये लिहिलेल्या प्रसिद्ध लेखात एक अगदी साधे समीकरण दिले आहे: यंदाची संख्या आणि उरलेली जागा यांचा गुणाकार करून त्याला वाढीच्या दराने गुणले, की पुढच्या वर्षीची संख्या मिळते. दर २.८ धरला तर संख्या शंभरात ६४ च्या आसपास स्थिरावते, ३.२ धरला तर ती एका वर्षी ५१ आणि दुसऱ्या वर्षी ८० अशी झोके घेत राहते, आणि ३.५७ च्या पुढे गेले की बहुतेक ठिकाणी कोणताही क्रम उरत नाही, यालाच केऑस म्हणतात. तेथे नियम पूर्णपणे ठाऊक असूनही दूरचे भाकीत करता येत नाही, कारण सुरुवातीच्या आकड्यातील केसाएवढा फरक पुढे डोंगराएवढा होतो. हे समीकरण विद्यार्थ्यांना लवकर शिकवावे आणि त्यांनी ते कॅल्क्युलेटरवर स्वतः चालवून पाहावे, असा मे यांचा आग्रह होता. आणि घोडेगावात कॅल्क्युलेटर म्हटला की आडतीवरचाच, विक्रीच्या हिशोबपट्ट्या करून करून बटणांवरचे आकडे पुसून गेलेला. विद्यार्थ्याने ३.९ हा दर धरून पन्नासपासून आकडे काढले आणि पट्टीच्या मागच्या बाजूला एकाखाली एक लिहिले: ९८, १०, ३४, ८७, ४४.

आडतदारांनी कागद चष्म्याजवळ नेला. “कोणत्या मार्केटचा भाव आहे हा?”

“भाव नाही, शेठ. समीकरण आहे.”

“बरं. मग उद्या काय निघेल?”

“तेच तर सांगता येत नाही.”

“मग आपलंच मार्केट आहे,” असे म्हणून त्यांनी कागद खिशात घातला. गोल्टीच्या, म्हणजे बारीक कांद्याच्या, वक्कलाला नंतर ते आकडे लागले, असे कोणी म्हणते. त्यात तथ्य नाही.

चहाच्या टपरीवर शास्त्र नेण्याचा प्रयोग मात्र अंगाशी आला. परिसंस्थेतील साखळी किती लांब असते, हे दाखवण्यासाठी विद्यार्थ्याने गिधाडांचे उदाहरण घेतले, आणि ते चुकीचे नव्हते. जनावरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ साली सिद्ध झाले. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली होती, आणि २००६ मध्ये सरकारने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. गिधाडे गेल्याने मेलेल्या जनावरांवर मोकाट कुत्री पोसली गेली, असे काही अभ्यासकांनी मांडले आहे. दुसरीकडे, याच जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांचा अभ्यास केला, तेव्हा उसाच्या आणि वस्तीच्या प्रदेशात राहणाऱ्या बिबट्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि गावठी कुत्र्यांचा निघाला. ही दोन स्वतंत्र संशोधने होती. टपरीवर मात्र दोहोंच्या मधली जागा चहा उकळेपर्यंतच रिकामी राहिली.

“म्हणजे इंजेक्शन दिलं, गिधाडं मेली, कुत्री वाढली, म्हणून बिबट्या आला?” एकाने विचारले.

“इतकं सरळ नसतं, अण्णा. यात अनेक घटक असतात.”

“पण इंजेक्शन डॉक्टरनंच दिलं ना?”

सुरुवातीचा लहानसा फरक पुढे कसा वाढत जातो, हे समजावून सांगायला विद्यार्थ्याला निराळे उदाहरण द्यावे लागले नाही. दुपारी मारुतीच्या पारावर ही गोष्ट ‘डॉक्टरच्या इंजेक्शनामुळे बिबट्या आला’ अशी पोहोचली, संध्याकाळी दूध डेअरीवर ‘डॉक्टरने बिबट्याला इंजेक्शन दिले’ अशी झाली, आणि रात्री व्हॉट्सॲपच्या गटात बेशुद्ध बिबट्याचा परराज्यातला एक जुना व्हिडिओ घोडेगाव शिवारातील ताजी घटना म्हणून फिरला. दुसऱ्या दिवशी आजारी कालवडीसाठी डॉक्टरांना फोन करण्याचे काम विद्यार्थ्याकडेच आले.

इतके होऊनही ज्या प्रणालीच्या पोटात हा विद्यार्थी जन्मापासून राहतो, तिच्यावरचे व्याख्यान त्याने सहाव्या आठवड्याचे म्हणून बाजूला ठेवले होते. त्या व्याख्यानाचा विषय जाळ्याचे प्रमेय असा आहे. या वर्षी भाव चढा राहिला की सगळे जण तेच पीक लावतात, पीक हाती येईपर्यंत काही महिने जातात, तोवर आवक उसळून भाव कोसळतो, तो पाहून पुढच्या हंगामाला सगळे जण ते पीक टाळतात, मग आवक आटून भाव पुन्हा चढतो. भाव आणि पुरवठा यांची ही फेरी आलेखावर काढली तर ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते, म्हणून निकोलस काल्डोर यांनी १९३४ साली तिला ते नाव दिले आणि मॉर्डेकाय इझिकिएल यांनी १९३८ साली तिची सविस्तर मांडणी केली. लांडगा आणि मेंढी यांच्या चक्रात जी उपासमार असते, ती येथे कर्जाच्या रूपाने येते. दोन्हीकडे मूळ दोष एकच, आणि तो म्हणजे विलंब: आजच्या भावावर उद्याचे रोप टाकले जाते, आणि कांदा निघतो तो परवाच्या बाजारात.

या चक्रात आणखी एक गोष्ट असते, जिला प्रतिमानात बाह्य धक्का म्हणतात आणि घोडेगावात दिल्ली म्हणतात. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद झाली. मे २०२४ मध्ये ती उघडली, पण टनाला किमान ५५० डॉलर आणि वर ४० टक्के शुल्क अशा अटींसह. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क निम्म्यावर, म्हणजे २० टक्क्यांवर आले. आणि १ एप्रिल २०२५ पासून ते पूर्ण उठले, तेव्हा गावरान कांद्याची काढणी ऐन भरात होती. सरकारांचीही यात स्वतःची गणिते असतात, कारण १९९८ साली कांद्याच्या भाववाढीने दिल्लीतले राज्य सरकार निवडणुकीत घरी बसवले होते, आणि तेव्हापासून प्रत्येक सत्ताधाऱ्याला कांदा दुरून दिसला तरी डोळ्यांत पाणी येते. परदेशी प्रतिमानात लांडगा एकाच बाजूने येतो. घोडेगावच्या कांद्याकडे तो पाऊस, रोग, मजुरांची टोळी, चाळीतली सड आणि अधिसूचना अशा सर्व बाजूंनी येतो, आणि अधिसूचना नेहमी रात्रीच येते.

हे सारे शिकून विद्यार्थ्याने अखेर एक निष्कर्ष काढला, की यंदा इतर जे करतील त्याच्या उलट करावे. निष्कर्ष सुंदर होता. फक्त तो सांता फे येथे ब्रायन आर्थर यांनी १९९४ सालीच काढून मोडीत काढला होता. त्या गावात एल फारोल नावाचा एक बार आहे, तेथे गुरुवारी आयरिश संगीत असे. गावात शंभर जण तेथे जाण्यास उत्सुक आहेत असे समजू, आणि साठांहून कमी माणसे आली तरच मजा येते असेही समजू; मग प्रत्येकाने आज जावे की न जावे? सगळ्यांना वाटले की गर्दी होणार, तर कोणीच जाणार नाही आणि बार ओस पडेल. सगळ्यांना वाटले की गर्दी नसणार, तर सगळेच जाऊन चेंगराचेंगरी होईल. म्हणजे सर्वांनी मान्य केलेला कोणताही अंदाज मान्य होताक्षणीच खोटा ठरतो. आर्थर यांनी संगणकात प्रत्येक गिऱ्हाइकाला निरनिराळे आडाखे बाळगू दिले, तेव्हा कोणीही न ठरवता उपस्थिती साठांच्या आसपास घुटमळू लागली. घोडेगावातही आडाख्यांना तोटा नाही: कोणी गेल्या वर्षीच्या भावावर जातो, कोणी मामाच्या गावातल्या लागणीवर, कोणी पंचांगावर, कोणी रोपवाटिकेच्या बोर्डावर, आणि एक जण तर शेजारी काय लावतो ते पाहून त्याच्या उलट लावतो, ज्याच्या शेजाऱ्याचाही नेमका तोच नियम आहे.

हंगाम तोंडावर आला आणि विद्यार्थी बियाण्याच्या दुकानात गेला. काउंटरवर कांद्याच्या बियाण्याची पाकिटे रचलेली होती आणि दुकानदार मोबाइलवर काहीतरी ऐकत होते.

“यंदा कांद्याचं बी कमी जातंय का जास्त?” विद्यार्थ्याने सहज म्हणून विचारले.

“आज तुम्ही धरून सगळ्यांनी हेच विचारलं.”

“मग तुम्ही काय सांगितलं?”

“कमी जातंय म्हणून सांगितलं.”

“आणि मग?”

“मग नेलं की सगळ्यांनी,” दुकानदार म्हणाले. “तुम्हाला किती देऊ?”

विद्यार्थ्याने ऐन वेळी घरी फोन लावून वडिलांचे मत घेतले आणि चार पाकिटे घेतली.